टाचेपाशी चुणी

"टाचेपाशी चुणी पडली. सोड, परत बांध."

खाटेवर पाय लांब करून बसलेल्या आईने फर्मावलं. तो तिच्या पायांशी उकिडवा बसला होता. भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्रेसर म्हणून त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. अवघड ड्रेसिंग असलं की मोठे डॉक्टरही त्यालाच हाक मारत आणि गल्लीत तर त्याचं नावच पट्टीवाला पडलं होतं. आईपुढे मात्र सगळी कर्तबगारी शून्य. तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते आणि नको तिथे पडलेली चुणी तिला मरणाच्या दारातही खपत नव्हती. त्याने मुकाट्याने पट्टी सोडली.

तिच्या पायांना काही झालेलं नव्हतं. थकलं होतं ते हृदय, आणि डॉक्टरांनी आता घरीच राहू द्या म्हणून सांगितलं होतं. मेल्यावर आपण कशा दिसू, ते ती बघून घेत होती.

वॉर्डाला जोडून त्वचापेढी होती. कुणी गेलं आणि घरच्यांनी होकार दिला, की डॉक्टर, सिस्टर आणि हा असे तिघं गाडीतून जात. मांड्या, पोटऱ्या, पाठ इथली वरची पातळ कातडी काढून आणत. ती तपासून, ग्लिसरीनमध्ये मुरवून थंड ठेवत आणि ज्याच्या अंगावर स्वतःची लावायलाही उरलेली नाही, अशा माणसाच्या जखमेवर पसरत. ती तिथे कायमची राहत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर तिला परकी म्हणून ओळखतं आणि सोडून देतं. पण तोवर अंगातलं पाणी वाहून जात नाही, जंतू शिरत नाहीत, ठणका कमी होतो आणि खालची जखम सावरते. "पाहुणी असते ती," तो नातेवाइकांना सांगायचा, "पण पाहुणी असून घर राखते."

काढायचं काम डॉक्टरांचं, मागाहून पाय बांधायचं याचं. मेलेल्याचे पायही तो जिवंत माणसाच्या निगुतीने बांधायचा आणि वॉर्डात म्हणायचा तसंच शेवटी म्हणायचा, "झालंच, हा शेवटचा वेढा." तोंडाला वळणच पडलं होतं. सिस्टर सुरुवातीला हसायच्या, मग त्यांनाही ते ऐकल्याशिवाय पेटी आवरवेना.

एका घरी मात्र गेलेल्या माणसाच्या मुलीने शांतपणे विचारलं होतं, "तुमच्या घरचं कुणी दिलंय का?" नाही, तो म्हणाला. त्या घरातून ते रिकाम्या हाताने परतले. तेव्हा पेढीतला फ्रीज रिकामा होता, आणि कपडे धुण्याच्या कारखान्यात वाफेने भाजलेली एक बाई वॉर्डात उघड्या पाठीने तळमळत होती. ती वाचली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं स्वतःशीच म्हणत तो घरी आला आणि त्याने आईला सरळ विचारलं.

"दारोदार मागून भागलं नाही वाटतं," ती म्हणाली, "आता घरातच हात पसरलास." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याने विषय सोडला नाही. रोज तिची औषधं देताना तो वॉर्डातल्या कुणाची तरी गोष्ट सांगायचा आणि ती ऐकत नसल्याचं सोंग करायची. मग एके दिवशी तिने विचारलं, कितपत काढता रे. कांद्याच्या पापुद्र्याएवढी, तो म्हणाला. तोंडाला हात लावत नाहीत, हातांनाही नाही.

"उद्या पट्ट्या घेऊन ये," आई म्हणाली. "माझे पाय बांधून दाखव."

तेच आज चाललं होतं. दुसऱ्यांदा बांधलेले पाय तिने डावी-उजवी मान करून न्याहाळले. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना ती तशीच बघायची.

"कापायचं कुणीही कापो," ती म्हणाली. "बांधायचं तू. लोक बघायला येतील, मी ओंगळ दिसता कामा नये."

"नाही दिसणार, आई."

"आणि ह्या पट्ट्या इथंच ठेव. कडेचे धागे किती सुटलेत बघ. कुणी विणल्या कोण जाणे."

पुढच्या महिन्यात, दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. त्याला रडू आलं, तो रडला, आणि मग तोंड धुऊन त्याने पेढीला फोन केला. कातडी काही तासांतच काढावी लागते, तास हातातून निसटू द्यायचे नसतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाहून धावत आली. आईच्या गळ्यात पडून रडून झाल्यावर तिला गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली गाडी आठवली आणि ती उठून थेट उंबऱ्यात जाऊन बसली.

"आईला सोलणार आहेस तू?"

आईनेच होकार दिलाय, त्याने सांगितलं. पाय बांधून घेतले तेही सांगितलं. ताईचा विश्वास बसेना. आईने मला का नाही सांगितलं, हे एकच ती धरून बसली. त्याला तिचा राग आला नाही. असे उंबरे त्याने पुष्कळ पाहिले होते, फक्त आतल्या बाजूने कधी पाहिले नव्हते.

"गाडी मी परत पाठवणार नाही, ताई," तो म्हणाला. "आणि तुला ओलांडून त्यांना आतही आणणार नाही. तू उठशील तोवर मी इथं बसतो."

तो खरंच तिच्याशेजारी बसला. बऱ्याच वेळाने आईला घालायला धुतलेले कपडे तरी काढून ठेवावेत म्हणून ताई उठली. कपाटात चांगला पोशाख मिळाला, पण त्याचं एक बटण सुटलं होतं. ते लावायला तिने शिलाई मशीनचा खण उघडला.

खणात पट्ट्या होत्या, घट्ट गुंडाळून ठेवलेल्या. प्रत्येकीची कड बारीक दुमडून हाताने तुरपलेली. इतके लहान, सारखे टाके घालणारी बाई दोघांच्या ओळखीत एकच होती. शेवटची पट्टी अर्ध्यावर राहिली होती आणि सुई तिच्यातच खोवलेली होती.

ताई ती पट्टी मांडीवर घेऊन मशीनपाशी बसली. डोळे पुन्हा पुन्हा पुसत तिने राहिलेली कड पुरी केली. तिचे टाके आईपेक्षा मोठे पडत होते, ते तिलाही दिसत होतं. शेवटी गाठ मारून तिने दातांनी दोरा तोडला आणि पट्टी गुंडाळून भावाच्या हातात दिली.

"बोलाव त्यांना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी त्यांचं काम केलं तोवर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग पुढे होऊन त्याने आईचा पाय हातात घेतला. तो गार होता. त्याने बोटांपासून सुरुवात केली, घोट्यावरून वर गेला, मग दुसरा पाय घेतला. अर्धी आईने आणि अर्धी ताईने तुरपलेली पट्टी त्याने शेवटासाठी राखली होती.

"झालंच, हा शेवटचा वेढा," तो सवयीने म्हणाला.

टाचेपाशी बारीकशी चुणी पडली होती. राहू द्या, चादरीखाली जायचंय, कोण बघणार, सिस्टर हळूच म्हणाल्या.

त्याने पट्टी सोडली आणि परत बांधायला घेतली.