लोखंडाचं सोवळं

आमच्या रुद्रेशला मी जन्मात पुष्कळ बोललेय. पण त्या रविवारी त्यानं जे केलं ते बघून माझी जीभच अडकली, आणि हे माझ्या बाबतीत सहसा होत नाही. इंजिनिअर माणूस, शाहूपुरीत स्वतःचं ऑफिस, दाराला पितळी पाटी. आणि तो कळंब्याच्या रस्त्यावर, अख्ख्या समाजादेखत, एका बुवाच्या डोक्यावर छत्री धरून उभा. पाऊस नव्हता. ऊन होतं, तेही बेताचं.

तिथं आमच्या समाजाचं नवं मंगल कार्यालय उठतंय. भिंती झाल्या होत्या, खांब झाले होते. बायकांसाठी वर गॅलरी व्हायची होती, खाली एकही खांब नसलेली, मागच्या भिंतीला धरून पुढं हवेत आलेली. म्हणजे मांडवात कुणाची मान मधे न येता आम्हाला लग्न नीट दिसणार. ही गॅलरी मागायला आम्ही बायका कमिटीशी वर्षभर भांडलो होतो. माझी मैत्रीण बाळाबाई हिनं तर पहिल्या रांगेतली आपली जागासुद्धा धरून ठेवली होती, गॅलरी नसताना.

गॅलरीचा स्लॅब टाकायच्या आधी कमिटीचे अध्यक्ष शिवप्रसाद यांनी वज्रानंद महाराजांना आणलं. हे घरांना भेगा पडू न देणारे महाराज. माणसं लोटली होती. ट्रॅक्टरवरून दोन सिमेंटचे बीम आणून विटांच्या ओट्यांवर आडवे ठेवले होते. एक साधा. दुसरा महाराजांचा. त्याच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या टोप्या, आणि मधोमध कमरपट्ट्यासारखा झेंडूचा जाडजूड हार.

महाराजांनी माईक घेतला.

"लोखंड कुणाचं? शनीचं. सिमेंट कुणाचं? धरणीमातेचं. शनी धरणीला शिवला की काय होतं? भेग. भेगेतनं काय शिरतं? आजार, कोर्टकचेरी, सुनेचं उलट बोलणं, पोराचं नापास होणं. उपाय काय? लोखंडाला सोवळं नेसवा."

सोवळं म्हणजे पिवळं मेणकापड, त्यांच्या मठात मंत्रलेलं. स्लॅबच्या प्रत्येक सळीला ते घट्ट गुंडाळायचं, म्हणजे लोखंड सिमेंटला शिवत नाही. महाराजांच्या बीमच्या पोटातली सळी अशीच गुंडाळलेली होती.

मग चमत्कार. तालमीतले हंबीरराव आणि त्यांचे जोडीदार आधी साध्या बीमवर चढले. शिष्यानं ओलं फडकं फिरवलं, आणि पाणी वाळता वाळता बीमवर खालून वर केसासारख्या रेघाच रेघा उमटल्या. शिष्य एकेका रेघेवर खडू ओढत गेला. बायका हळहळल्या. मग तेच पैलवान महाराजांच्या बीमवर चढले. ओलं फडकं फिरलं. रेघ नाही. एक नाही. लोकांनी हात जोडले.

"आणि हे आम्ही म्हणत न्हाय," महाराज म्हणाले, "संगणक म्हणतोय." मागं मोठा फ्लेक्स होता. त्यावर आमच्या गॅलरीचं रंगीत चित्र, सगळं हिरवंगार, म्हणजे कुठंच धोका नाही, आणि खाली डिझाइन करणारा म्हणून माझ्या मुलाचं, रुद्रेशचं, नाव डिग्रीसकट.

तिथं माझं डोकं फिरलं. आम्ही लिंगायत. इष्टलिंग गळ्यात, पूजा तळहातावर. कोण कुणाला शिवलं याचा हिशेब आमच्या वाडवडलांनी कधीच मोडीत काढला. माणसाला जे सोवळं आम्ही नेसवलं नाही ते आता लोखंडाला नेसवायचं, आणि तेही आमच्याच कमिटीच्या ठरावानं.

गर्दी पांगायला लागली तशी मी बीमजवळ गेले. इकडून तिकडून हात फिरवला, कुणी काही बोललं नाही. हाराला बोट लावलं मात्र, शिष्य धावत आला.

"आजी, तिथं हात न्हाय लावायचा. ती देवाची कंबर हाय."

"पैलवानांचे पाय चालत्यात, माझं बोट चालत न्हाय व्हय?"

"पैलवान ब्रह्मचारी हायत."

"हंबीररावाला दोन पोरं हायत," मी म्हटलं. शिष्य हाराला पाठ लावून उभा राहिला, आणि मी गेटाबाहेर जाईपर्यंत हलला नाही. सगळा बीम उघडा आणि तेवढीच वीतभर जागा पवित्र. मला ते पटेना.

घरी जेवताना मी विषय काढला. रुद्रेशची मुलगी भूमिका वारणानगरला एम.टेक. करते. तिचा अभ्यासच मुळी हा, की काँक्रीटच्या पोटातली सळी वजन आल्यावर किती सरकते आणि ते कॉम्प्युटरला कसं सांगायचं.

तिनं घास खाली ठेवला. "पप्पा, ते फ्लेक्सवरचं चित्र तुम्ही काढलंय?"

"डिझाइनचंच हाय ते. त्यांनी मागितलं, दिलं."

"त्याच्यात सळी आणि काँक्रीट एकमेकाला पक्कं चिकटलंय असं धरलंय ना?"

"सगळेच तसं धरत्यात."

"साध्या सळीला धरलं तर चालतंय. पण मग कापड कुठं धरलंय?"

रुद्रेश आमटीत भाकरी कुस्करत राहिला. मग म्हणाला, "कापडानं असं काय मोठं बिघडणार हाय? शिवप्रसादअण्णांनी शब्द दिलाय. लोकांचं समाधान."

"समाधानावर गॅलरी उभी राहते का, तेवढं सांग," मी म्हटलं. "मला कळंल असं."

भूमिकेनंच सांगितलं. काँक्रीट दाबाला खंबीर, ओढीला कच्चं. ओढ लागली की ते फाटणारच. म्हणून आत सळी. सळीच्या अंगावरच्या नक्षीत काँक्रीट घट्ट बसतं आणि दोघं मिळून ओझं ओढतात. काँक्रीट फाटू लागलं तरी सळी त्याला जागोजागी धरून ठेवते, त्यामुळं भेगा पुष्कळ पडतात पण केसाएवढ्याच राहतात.

"म्हणजे त्या साध्या बीमवरच्या रेघा..."

"त्या रेघा म्हणजे सळी काम करत्येय, अज्जी."

"आणि कापड गुंडाळलं तर?"

"मग धरायला काहीच न्हाय. सळी आत घसरत्येय. सगळी ओढ एकाच जागी जाती, आणि तिथं एकच भेग पडती. पण रुंद."

"कुल्फीची काडी," मी म्हटलं. "नीट गोठली असली तर काडी धरून खाता येतंय. सुटली की काडी हातात आणि कुल्फी पदरात."

"तसंच. आणि आपली गॅलरी पुढनं हवेत हाय. वरच्या सळ्या तिला मागं ओढून धरतात, म्हणून ती उभी. त्याच सळ्यांना कापड."

रुद्रेश हात धुवायला उठला.

मी ऐकून विश्वास ठेवणारी नाही. नातीवरही नाही. महाराजाचं ऐकून मान डोलावणारे आणि नातीचं ऐकून मान डोलावणारी मी, यात फरक काय राहिला? म्हटलं, डोळ्यानं दाखव. स्लॅबचा मुहूर्त लांब होता. तिनं कॉलेजात दोन ठोकळे ओतले, एकात उघडी सळी, दुसऱ्यात कापड गुंडाळलेली. कापड महाराजांचंच, गॅलरीवर गुंडाळत होते त्यातला तुकडा मी स्वतः पदरात घालून आणला होता. ठोकळे नीट वाळून घट्ट झाल्यावर मी वारणानगरला गेले, आणि रुद्रेशला गाडी चालवायला म्हणून बरोबर घेतलं. नाहीतर तो आला नसता.

मशीननं उघडी सळी ओढली. ती निघेना. ओढ वाढत गेली, शेवटी ठोकळा फुटला तेव्हा कुठं तिनं जागा सोडली. मग कापडाची ओढली. मशीनला काही कष्टच पडले नाहीत. लोण्यातल्या सुरीसारखी सळी सरकत बाहेर आली आणि कापड आतच राहिलं.

"आता हे आकडे मॉडेलमध्ये घालायचे," भूमिका म्हणाली. "सळी आणि काँक्रीटच्या मधे बारक्या स्प्रिंगा हायत असं समजायचं. उघड्या सळीच्या कडक, कापडाच्या पार ढिल्या. किती ढिल्या, ते कॉम्प्युटर ओळखत न्हाय. ते असं ओढून बघून आपण सांगायचं."

तिनं कॉम्प्युटरला आकडे सांगितले आणि चित्र बदललं. तीच गॅलरी, तेच माप, तेवढ्याच बायका. भिंतीला लागून आडवी एक लाल पट्टी आली आणि पुढची कड खाली झुकली. म्हणजे यंत्रही बुवासारखंच निघालं. आधी कानात जे सांगाल तेच नंतर तोंडानं बोलणार. फरक एवढाच की काय धरून बोलतोस असं विचारलं तर यंत्र लपवत नाही.

परत येताना रुद्रेश म्हणाला, "अव्वा, मी महाराजांना एकट्यात गाठून सांगतो. ते काहीतरी मार्ग काढतील."

"कशाचा मार्ग?"

"त्यांचाही मान राहील, आपलाही."

"आणि बाळाबाई कुठं राहील?" मी विचारलं. त्यानं गाडीचा हॉर्न वाजवला. रस्ता मोकळा होता.

स्लॅबच्या दिवशी सकाळीच मिक्सर येऊन उभा. गॅलरीच्या सांगाड्यावर पिवळ्या सळ्यांची जाळी नुसती चमकत होती. लोकांना पुन्हा चमत्कार दाखवायला ते दोन बीमही आणले होते, हार ताजा. पैलवान महाराजांच्या बीमवर चढले. महाराजांनी माईक उचलला तेवढ्यात मी पुढं गेले.

"महाराज, तो हार काढा की जरा."

"माताजी, ज्याचं मन शुद्ध न्हाय त्यालाच भेग दिसती."

"मी भेगेचं नावच काढलं न्हाय," मी म्हटलं. "तुम्हीच काढलंसा."

गर्दीत कुणीतरी हसलं. शिवप्रसाद उठून आले. "शांताक्का, कार्यात विघ्न नको."

"शिवप्रसाद, तुमची बायको वर बसणार हाय का न्हाय?"

माझ्या पानाच्या चंचीत अडकित्ता होता. मी हाराचा दोरा कापला.

भेग एकच होती. बीमच्या खालून निघून पार वरपर्यंत चढत गेलेली, आणि माझी करंगळी तिच्यात सहज गेली. आत पिवळं कापड दिसत होतं. हंबीररावांनी वाकून बघितलं आणि एवढा मोठा गडी मांजरासारखा अलगद खाली उतरला.

"ही भेग जुनी हाय. प्रवासात पडली," शिष्य म्हणाला.

"मग झाकलीसा कशाला?" बाळाबाईनं विचारलं. तिला आता जागेची काळजी लागली होती.

"पण बीम पडला तर न्हाय ना?" महाराज म्हणाले. "एवढे पैलवान पेलले. ही कृपाच की."

हा प्रश्न खरा होता. लोक पुन्हा माझ्याकडं बघायला लागले. भूमिका पुढं झाली आणि तिनं बीमच्या टोकाची तांब्याची टोपी काढली. आत जाड लोखंडी पट्टी, आणि सळीला आटे पाडून वर आवळलेला नट. दुसऱ्या टोकाला तेच.

"सळी मधे घसरत्येय, पण टोकाला नटानं अडकवलीय," ती म्हणाली. "म्हणून बीम भेगाळला तरी पडत न्हाय. कृपा म्हणतायसा ती ह्या नटात हाय. आता वर चढून गॅलरीच्या सळ्यांना कुणीही नट शोधून दाखवा."

हंबीररावच शिडीनं वर गेले. जाळीच्या मागच्या टोकापर्यंत चालत जाऊन आले. "एक बी न्हाय," त्यांनी वरूनच सांगितलं.

मग बायकांचा जो आवाज उठला तो मी लिहीत बसत नाही. महाराज म्हणाले, श्रद्धा नसेल तिथं आम्ही थांबत नाही. ते माईक चालू ठेवूनच निघाले, त्यामुळं "गाडी काढ, गाडी काढ" हे शिष्याला म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. शिवप्रसादांनी मिक्सर बंद करायला लावला.

मी बायकांना एवढंच म्हटलं, बारीक भेगेला भिऊ नका. भिंतीवर, बीमवर रेघ दिसली तर जाणत्या इंजिनिअरला बोलवा, ती का पडली ते विचारा, आणि मला कळंल असं सांग म्हणून बजावा. जो तुम्हाला भेग दाखवून घाबरवतो आणि स्वतःची भेग फुलांनी झाकतो, त्याच्या मंत्राचा अर्थ विचारू नका. त्याची फुलं काढा. हात लावू नका असं जिथं म्हणतात तिथंच आधी हात लावा. आणि कॉम्प्युटरचं चित्र कुणी पुढं धरलं तर मान तुकवायच्या आधी विचारा, ह्याच्यात काय धरलंय आणि काय धरलं न्हाय.

रुद्रेश फ्लेक्सच्या खांबाशी उभा होता, स्वतःच्या नावाखाली. मी सगळ्यांदेखत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"रुद्रेश, तो बुवा आपला धंदा करत होता. त्याला इंजिनिअरिंग येत न्हवतं, त्यानं शिकलो म्हणून सांगितलं बी न्हाय. तुला येत होतं. त्या दिवशी जेवताना पोरीनं कापडाचं विचारलं तेव्हा तुला उत्तर ठाऊक होतं, म्हणून तू आमटीत बघत बसलास. फसलेल्या माणसाला मी पोटाशी घेतलं असतं. तू फसला न्हाईस, तू गप्प बसलास, आणि तुझ्या गप्प बसण्यावर ह्या एवढ्या बायका जाऊन बसणार होत्या. माझ्या लेखी त्या बुवापेक्षा तुझा गुन्हा मोठा हाय. आता ह्यांना तुझ्या तोंडानं सांग, की त्या चित्रात कापड धरलेलं न्हवतं. आणि मग वर चढ, आणि एकेका सळीचं कापड तुझ्या हातानं सोड."