नोएमीची खुर्ची

खुर्ची उलटी करून रोसेंदोने ती दोन गुडघ्यांत धरली आणि बैठकीखालच्या शिवणीत वाकडी सुरी घातली. पहिला टाका तुटला तेव्हा 'टक्' असा आवाज झाला. चांगल्या दोऱ्याचा आवाज. तो त्याने ऐकला, पण मनावर घेतला नाही. सुरी पुढे सरकवली.

खुर्ची कालच, शुक्रवारी आली होती. ग्वालासेओच्या बाजाराजवळ एफ्राइनचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथून. काळी, लाल शिवणीची, शर्यतीच्या मोटारीत असते तशी उंच पाठीची. किंमत पाचशे वीस डॉलर. सोफ्यांना आणि खुर्च्यांना गाद्या-कव्हरं चढवून रोसेंदोला महिन्याला जेवढे मिळत, जवळजवळ तेवढेच.

त्याची मुलगी नोएमी एकोणीस वर्षांची. सकाळी बेकरीत काम करायची आणि जेवण झालं की वरच्या खोलीत सहा तास कॉम्प्युटरपुढे बसायची. पाच मुलींचा संघ होता त्यांचा. चार जणी राजधानीत, कीतोत आणि ही इथे. स्पर्धा असत, थोडेफार पैसेही मिळू लागले होते. तो खेळ नेमका कसा असतो, हे रोसेंदोने कधी पाहिलं नव्हतं. जिन्यावरून जाताना दारामागची कळांची टकटक तेवढी त्याला माहीत होती.

"ताइता, तीनशे माझे आहेत," बापाच्या ताटात उकडलेला मका वाढता वाढता ती काल म्हणाली होती. "वरचे तू घालशील?"

"पाचशे वीस? बिशप बसणारेत का तिच्यावर?"

"पाठ दुखते माझी."

"दुखायला काय झालं? तू बसतेस त्या खुर्चीची गादी माझ्या हातची आहे."

"तुझ्या गादीला कोण नावं ठेवतंय? पण ती जेवायला बसायची खुर्ची आहे. सहा तास कोण जेवतं?"

"ह्याचा भाऊ जेवतो," कोपऱ्यात गवताची टोपी विणत बसलेली सोयला म्हणाली. बोटं न थांबवता नवऱ्याला टोमणा मारण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

नोएमी हसली, मग बापाजवळ सरकली. "आठ दिवस ठेवून बघा म्हणालेत. शिवण-बिवण शाबूत असली की परत घेतात. तू नुसता बसून बघ ना. रविवारी माझी मॅच आहे. माझ्या खोलीत ये, ह्या खुर्चीत बस, मी जुनी घेते. दोन तास बस. मग तू म्हणशील तसं. नको म्हणालास तर नको, माझी तक्रार नाही."

"बसून काय कळतं? पहिले सहा महिने कुठलीही खुर्ची चांगलीच वाटते. लग्नासारखं असतं ते."

"ऐकतेय मी," सोयला म्हणाली.

तो बोलला ते अगदीच हवेतलं नव्हतं. असल्या पंधरा-वीस खुर्च्या त्याच्याकडे दुरुस्तीला येऊन गेल्या होत्या. दोन वर्षांत रेक्झिन उन्हाने भाजलेल्या कातडीसारखं सोलवटायचं, आतल्या फोमचा हाताला पिवळा भुगा लागायचा. खुर्ची बसून कळत नाही, उसवून कळते, हे त्याचं चाळीस वर्षांचं शास्त्र होतं. आणि शिवणीचं काय? त्याच्या हातची शिवण कारखान्यापेक्षा सरळ यायची.

म्हणून शनिवारी सकाळी नोएमी बेकरीत गेल्यावर त्याने खुर्ची खाली आपल्या कामाच्या खोलीत आणली होती.

कव्हर बाजूला झालं तशी त्याने चष्मा पुसला. आत तुकडे चिकटवलेला फोम नव्हता. साच्यात ओतलेला, एकसंध, जड फोम होता. त्याने तळवा पूर्ण दाबला आणि सोडला. एक, दोन म्हणायच्या आत फोम वर आला, कडा न फुगता, सगळीकडून सारखा. खालच्या बाजूने त्याने बोटाच्या पेराएवढा कपचा कापला, चिमटीत चुरगळला. भुगा पडला नाही. सांगाडा लोखंडी नळीचा, जोड स्वच्छ. पाठीत कमरेपाशी जो उंचवटा होता तो अगदी जिथे हवा तिथे होता.

रोसेंदो बराच वेळ तो कपचा चिमटीत धरून उभा राहिला. असं काम त्याला स्वतःला करता आलं नसतं. करता आलं असतं तरी पाचशे वीसला परवडलं नसतं.

लगेच शिवून टाकावी म्हणून त्याने दोऱ्यांचा डबा उपसला. लाल दोरे तीन निघाले, पण ह्या लालसारखा एकही नाही. सोमवारी कुएंकाहून आणू, असं ठरवून त्याने खुर्ची तशीच बाकावर ठेवली आणि एका गिऱ्हाइकाचा सोफा पुढे ओढला. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकले. जुने कारागीर असंच करतात. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने उचलायचा, ठोकायचा. काम भराभर होतं, आणि कोणाशी बोलावं लागत नाही.

साडेबाराला नोएमी आली. हातात गरम पावाची पिशवी होती. दारातच थांबली.

"ताइता?"

त्याने वर पाहिलं.

"उसवलीस?" ती बाकाजवळ गेली. लोंबणाऱ्या कव्हराला तिने बोट लावलं नाही. "उद्या मॅच होती. तू बसणार होतास."

नोएमीने एकदा खुर्चीकडे आणि एकदा बापाकडे पाहिलं. मग तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"म्हणजे आत कचराच निघाला ना? नाहीतर तू कशाला उसवशील."

त्याच्या तोंडात सात-आठ खिळे होते. ते हातावर काढायला किती वेळ लागतो? एक श्वास.

त्याने मान हलवली. हो.

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि चक्क हसली. "तुझ्यापुढे काय टिकतंय! बरं झालं, वेळेवर कळलं." पिशवीतला एक पाव तिने त्याच्या बाकावर ठेवला आणि वर गेली.

जेवून तो जरा आडवा झाला. उठून खाली आला तर बाकावर खुर्ची नव्हती.

"नोएमी घेऊन गेली," सोयला म्हणाली. "शेजारच्यांची हातगाडी मागून घेतली. पैसे परत आणते म्हणाली."

"उसवलेली खुर्ची परत कोण घेईल?"

"मीही तेच म्हटलं. ती म्हणाली, आत काय आहे ते ताइताने बघितलंय, आता एफ्राइन काय बोलणार?" सोयलाने टोपी मांडीवर ठेवली. "काय झालं? असा का बघतोयस?"

तो खिळ्यांच्या खोक्यावर बसला आणि त्याने पुन्हा मूठभर खिळे तोंडात टाकले.

चारच्या सुमाराला एफ्राइनची गाडी दारात लागली. मागे खुर्ची, पुढे नोएमी. तिचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती. एफ्राइन माणूस वाईट नव्हता. त्याच्या बापाच्या शवपेटीला आतलं अस्तर रोसेंदोनेच लावलं होतं, आणि त्या घरात रोसेंदोच्या शब्दाला अजून मान होता.

"मायेस्त्रो," तो दारातूनच म्हणाला, "तुमची पोर भर दुकानात, शनिवारच्या गर्दीत, मी कचरा विकतो म्हणाली. दुसरं कोणी असतं तर हाकलून दिलं असतं. पण ती म्हणते, हे तुम्ही सांगितलंय."

"सांगितलंच आहे," नोएमी म्हणाली. "विचारा ना."

"तेच विचारायला आलोय." एफ्राइनने खिशातून पाकीट काढलं. "शिवण गेलीय, कंपनी मला छदाम देणार नाही. तरी चालेल. तुम्ही माझ्या तोंडावर म्हणा की फोम खराब आहे. मी पैसे आत्ता देतो, आणि असली खुर्ची पुन्हा दुकानात ठेवत नाही."

पलीकडचा चांभार आपल्या दारात येऊन उभा राहिला. सोयला जिन्याच्या पायरीवर आली. रोसेंदोने तळहात पुढे केला आणि तोंडातले खिळे त्यावर काढू लागला. एक. मग दुसरा. त्याच्या लक्षात आलं की नोएमी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. ती एफ्राइनकडे बघतेय, आता काय ते ऐका, अशा नजरेने. शेवटचा खिळा ओला होऊन तळहाताला चिकटला.

"फोम चांगला आहे," तो म्हणाला.

"काय?" नोएमी वळली.

"चांगला आहे. सांगाडाही चांगला आहे. दहा वर्षं काही होणार नाही." त्याने एफ्राइनकडे पाहिलं. "तुझी काही चूक नाही. राहिलेले पैसे मी देतो."

एफ्राइनने पाकीट परत खिशात ठेवलं. आपण जिंकलो असं त्याला वाटलेलं दिसलं नाही. त्याने खुर्ची उतरवून आत आणून ठेवली, "येतो, मायेस्त्रो," म्हणाला आणि गेला. चांभारही आत गेला.

"मग मघाशी मान का हलवलीस?" नोएमीने विचारलं.

"तोंडात खिळे होते."

ते खरं होतं. ते सांगायला नको होतं, हे त्याला सांगतानाच कळलं.

ती जिना चढून गेली. दार आपटलं नाही.

"पोरीने काय मागितलं होतं?" थोड्या वेळाने सोयला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बसून बघ म्हणाली होती. एवढंच."

संध्याकाळी त्याने खुर्ची शिवली. सोमवारची वाट पाहिली नाही, डब्यातला त्यातल्या त्यात जवळचा लाल घेतला. मेणातून ओढून, हाताने, कारखान्याच्या भोकांत भोक मिळवत. रविवारी सकाळी ती वर नेऊन नोएमीच्या दाराशी ठेवली. तिने ती आत ओढून घेतली आणि भिंतीला लावली. दुपारी तो जिन्यात उभा राहिला. आतून टकटक येत होती, मधेच ती कोणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होती. तिने हाक मारली नाही. न बोलावता जावं की जाऊ नये, ह्याचा निर्णय होण्याआधी मॅच संपली.

मार्चमध्ये संघाने कीतोत एक घर भाड्याने घेतलं. पाचही जणींनी एकत्र राहायचं, सराव करायचा. नोएमीने दोन पिशव्या भरल्या. कीबोर्ड टॉवेलमध्ये गुंडाळला.

"खुर्ची?" रोसेंदोने विचारलं. "बसच्या टपावर बांधून देतो. पाय निघतात तिचे."

"राहू द्या. तिकडे प्रत्येकीला एक आहे."

"अशी?"

"नाही. साधीच आहे. चालेल." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही थंडीत मफलर बांधत जा, ताइता." लहानपणापासून ती त्याला 'अरे ताइता' म्हणत आली होती.

तिचं बरं चाललं आहे. दर रविवारी फोन येतो, आईशी बोलते, मग बापाशीही बोलते. तब्येत, पाऊस, कोणाचा सोफा आलाय. खुर्चीला दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. विकायची नाही, असं त्याने सांगितलं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सोयलाने मोबाइल नोएमीच्या खोलीतल्या टेबलावर पेल्याला टेकून उभा केला. मोठी मॅच होती, ती फोनवर दिसणार होती. पडद्यावर रंगीत माणसं पळू लागली, आणि एका कोपऱ्यात बोटभर चौकोनात नोएमीचं तोंड आलं. कानांवर हेडफोनचे मोठाले डबे, दातांत खालचा ओठ.

"बस की," सोयला म्हणाली. ती पलंगावर बसली होती.

रोसेंदो काळ्या खुर्चीपाशी गेला. सवयीने तळवा दाबला, सोडला. एक, दोन म्हणायच्या आत फोम वर आला. कुठे दबलेला नाही, कुठे सैल नाही. माणूस बसू लागला की तीन-चार महिन्यांत गादी त्याचा आकार धरते. ह्या गादीत कोणीच नव्हतं.

टेबलाखाली सरकवलेली स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची त्याने बाहेर ओढली. तिच्यावरची गादी त्याच्या हातची. तिच्यावरही त्याने तळवा ठेवला आणि हात तिथेच राहिला. उजवी बाजू अजून भरीव होती. डावी पार बसलेली, कडेचा दोरा ताणून विरलेला. त्याने बोटांनी खड्ड्याची खोली मापली. चार बोटं. एवढा खड्डा एका आठवड्यात पडत नाही. दोन वर्षं कोणीतरी उजवी बाजू उचलून धरून, सगळा भार डावीकडे टाकून बसत होतं.

"ही अशी वाकडी बसायची?" त्याने विचारलं.

"मग? दुखायचं ना तिला," फोनवरची नजर न काढता सोयला म्हणाली. "बस लवकर, सुरू झालं."

तो त्या खड्ड्यात बसला. एका अंगाला कलला, तसाच राहिला, आणि खेळातलं काही कळत नव्हतं तरी मॅच संपेपर्यंत पाहत राहिला.