काळी दोन

पाटीवर मी 'गिटार दुरुस्ती' एवढंच लिहून घेतलं होतं, तरी पहिल्या आठवड्यात माझ्याकडे मिक्सर आले, टेबलफॅन आला आणि देव्हाऱ्यातली लुकलुकणारी दिव्यांची माळ आली. माळ मी करून दिली. मिक्सर परत पाठवले. श्रीरामपुरात कॅनॉलच्या अलीकडे, झेरॉक्सवाला आणि चप्पलवाला यांच्यामध्ये माझा गाळा होता. एका भिंतीला पाठ टेकली की दुसऱ्या भिंतीला हात लागेल एवढाच.

गिटारचं दुकान श्रीरामपुरातच का, असं सगळ्यांनी विचारलं. पुण्यात एम.एस्सी. करताना मी सुट्टीच्या दिवशी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे जाऊन बसायचे. पदार्थविज्ञानात तारेची कंपनं कागदावर शिकत होते, तिथे ती हाताला लागायची. त्याच्याकडे पार्सलनं येणाऱ्या मोडक्या गिटारींवर पत्ते बघितले तर राहुरी, बेलापूर, श्रीरामपूर. आमच्या सोनईत गिटार शोधून सापडणार नाही, पण या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती मोठी, आणि प्रत्येक मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गानवृंदात पेटी, ढोलकी आणि गिटार असतेच. मोडली की पुण्याला पाठवावी लागते. मी तो पुण्याचा रस्ता वाचवणार होते.

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातलं काहीच पटलं नव्हतं. सोनईतल्या ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळेची जागा निघणार होती आणि त्यांनी तिथे शब्द टाकून ठेवला होता.

"लाकडं तासायला एम.एस्सी. केली व्हय, धने?" ते म्हणाले. मग आईकडे बघून जरा नरमले. "पुढल्या दिवाळीपर्यंत बघ. दुकान आपल्या पायावर उभं ऱ्हायलं तर तुझं. न्हाई तर घरी यायचं, कॉलेजात जायचं. पुन्यांदा तोंड वर करायचं न्हाई."

मी कबूल झाले. मला ते दुकान हवं होतं. इतकं दुसरं काही मला कधी हवं वाटलं नव्हतं.

काम यायला लागलं, आणि बहुतेक काम एकाच जातीचं होतं. गिटारच्या पोटावर खालच्या बाजूला तारा ज्या लाकडी पट्टीत अडकवतात तिला ब्रिज म्हणतात. ती पट्टी उखडलेली असायची. नाहीतर मान धनुष्यासारखी वाकलेली. राहुरीच्या एका दवाखान्यात नर्स असलेली रुपाली तिच्या मंडळीत गिटार वाजवायची. तिची पट्टी मी एकदा बसवून दिली, पावसाळा संपायच्या आत ती पुन्हा निघाली.

"ताई, काय थुंकीनं चिकटवली हुती का?" तिनं विचारलं.

"तुम्ही सूर कशाला लावता?"

"कशाला म्हंजे? पेटीला. श्रीमंत मास्तरांनी शिकवलंय तसं."

पट्टी मी पुन्हा बसवून दिली. श्रीमंत मास्तर निवृत्त शिक्षक होते. शहरातल्या एका मंडळीत पेटी वाजवायचे आणि आसपासच्या गावांतल्या निम्म्या वाजवणाऱ्यांना त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा आवाज काळी दोनचा, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून ते गायचे. त्या पट्टीत गिटार वाजवायची तर बोटांची अवघड ठेवण शिकावी लागते, नाहीतर मानेवर एक चिमटा लावावा लागतो, की सगळे सूर आपोआप वर जातात. मास्तरांनी दोन्ही टाळलं होतं. बोटं सोपी, सुरुवातीची, तीच ठेवायची आणि खुंट्या पिळून सगळ्या तारा पेटीपर्यंत ओढायच्या. पंधरा-वीस गावांतल्या गिटारी या हिशोबानं ताणलेल्या होत्या. सूर जेवढ्या पट वर जातो, ताण त्याच्या वर्गानं वाढतो. मास्तरांच्या पद्धतीत प्रत्येक तारेवर नेमापेक्षा चाळीस टक्के जास्त ओढ येत होती. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पट्टी उखडणार नाही तर काय होईल?

मी मास्तरांच्या घरी जाऊन हे सांगितलं. चिमटाही नेला होता. त्यांनी तो हातात घेऊन उघडझाप करून बघितला.

"हे कपडे वाळत घालायचं हाय का?" त्यांनी विचारलं. मग गंभीर झाले. "पोरी, वाद्य गळ्याकडं आलं पायजे. गळा वाद्याकडं जात नसतो. चिमटा लावून वाजवायला आमचे काय हात मोडलेत?"

चहा मात्र आग्रहानं पाजला.

त्यांच्या मंडळीची गिटार मी नोव्हेंबरात नीट करून दिली होती. जुनी पट्टी काढून, खालचं लाकूड घासून, नवी बसवली होती. देताना सांगितलं, तारा वर ओढू नका. नाताळच्या सकाळी, उपासना भरात असताना, तिची पट्टी फटाका फुटल्यासारखी उडाली. पुढच्या बाकावरचं बाळ किंचाळायला लागलं आणि गाणं थांबलं. मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दुरुस्ती कच्ची हुती."

ही गोष्ट मला झेरॉक्सवाल्याकडून कळली. जानेवारी लागला आणि दुरुस्तीला दिलेल्या तीन गिटारी माणसं तशाच परत घेऊन गेली. कुणी भांडलं नाही. एकानं तर, "घरात कार्य हाय, मग आनतो," असं सांगितलं.

मास्तरांच्या मंडळीचे सेक्रेटरी सहादेवकाका दुकानात आले. माणूस चांगला होता. गाळ्यात बसायला जागा नव्हती म्हणून ते पायरीवरच बसले.

"धनश्रीताई, तुमी फक्त म्हना, चिकटवताना सरस कमी पडलं. पुन्यांदा बसवून द्या. विषय मिटला."

"सरस कमी पडलेलं नाही, काका."

"आवो, मला काय कळत न्हाई का? मास्तरांचं वय झालंय. सगळी पोरं त्यांनीच घडवलीत. त्यांनी पेट्या बंद ठेवा म्हनलं तर पेट्या बंद ऱ्हातील. एवढं बोलायला तुमचं काय जातं?"

माझं सगळं जात होतं. सरस कच्चं होतं असं मी एकदा तोंडानं म्हटलं की मग माझ्याकडे गिटार कुणी का आणावी? मी म्हणाले, "मला एक रविवार द्या. उपासना झाल्यावर. सगळ्यांना दाखवते, मग तुम्ही ठरवा."

पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षात सोनोमीटर नावाचा प्रयोग असतो. एक लांब फळी, तिच्यावर एक तार, तारेचं एक टोक पक्कं, दुसरं कडेच्या कप्पीवरून खाली सोडलेलं, त्याला वजन. वजन वाढवलं की सूर चढतो. मी सुताराकडून सागाची फळी घेतली, कप्पी बसवली, गिटारची सगळ्यात जाड तार लावली आणि वजनाच्या जागी मंडळीच्या हॉलमधली बादली टांगली.

माणसं बाकं वळवून बसली. मास्तर पेटीशीच होते.

"मास्तर, या तारेचा नेमाचा सूर पेटीवर पांढरी तीन. दाबा ना जरा," मी म्हणाले.

त्यांनी दाबली. मी तांब्यानं बादलीत पाणी ओतत गेले. तार हळूहळू चढत पेटीला मिळाली. मापून आठ लिटरला थोडं कमी पाणी झालं होतं.

"आता तुम्ही ही तार जिथे नेता ती पट्टी दाबा."

त्यांना तेव्हाच कळलं असावं. क्षणभर त्यांचा हात पेटीवर तरंगत राहिला. पण सगळे बघत होते. षड्ज काळी दोन धरला की ही तार पांढरी पाचला जाते; त्यांनी ती दाबली आणि भाता हलवत राहिले. मी पाणी ओतत राहिले. तांब्यामागून तांब्या. कुणीतरी हसलं. बादली डुचमळायला लागली, फळी करकरली, तरी सूर पोचेना. पोचला तेव्हा तीन लिटरच्या वर पाणी जास्त पडलं होतं.

"एका तारेला एवढं," मी म्हणाले. "तारा सहा."

पुढच्या बाकावरच्या मुक्ताबाई आधी बोलल्या. "अगं बया! म्हंजे गिटार आपल्याच मास्तरांनी मोडली की!"

हॉल हसला. दुष्टपणानं नाही, रविवारी जेवणाच्या आधी माणसं हसतात तसा. मास्तर पण हसले. मग त्यांनी पेटीचा भाता मिटला, दोन्ही खटके लावले आणि म्हणाले, "शिकलेली पोर हाय. बरोबर असंल तिचं."

सहादेवकाका मला दारापर्यंत सोडायला आले. माझं बरोबर आहे असं म्हणाले. आणि लगेच आत मास्तरांकडे वळले. फळी मी तिथेच विसरले, आणि परत आणायला जायचा मला धीर झाला नाही.

मी जिंकले होते, म्हणून काम येईल असं मला वाटलं. फेब्रुवारीत आलं नाही. उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवून पोट फुगलेल्या दोन-चार गिटारी आल्या, त्या कॉलेजच्या पोरांच्या. मंडळ्यांकडून एकही नाही. उखडलेली पट्टी नाही, वाकलेली मान नाही. मास्तरांनी गावोगाव शब्द फिरवला आहे हे उघड होतं. मेन रोडला एकदा ते समोरून आले आणि मला बघून कोथिंबिरीची जुडी निवडायला वाकले. मी मनात त्यांना काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चप्पलवाला म्हणायचा, "ताई, माफी मागून टाका ना." कशाची माफी? ताण वर्गानं वाढतो याची?

गणपती गेले, नवरात्र गेलं. पाटी उतरवायला मी दिवाळीची वाट बघितली नाही.

सामान खोक्यांत भरत होते तेव्हा रुपाली आली. तिला तारांचा संच हवा होता. पाठीवर गिटार होती.

"बंद करता? का वं?"

"काम येत नाही. तुमच्या मास्तरांची कृपा."

"मास्तरांनी काय केलं?" तिनं गिटार काढली. मानेवर, तिसऱ्या घरावर, चिमटा लावलेला होता.

"हे कुठून आलं?"

"मास्तरांनीच लावाय सांगितलं. तुमाला म्हाईत न्हाई? त्यांनी शोधून काढलंय ना. फळी आन् बादली घेऊन हिंडतात यश्टीनं, मंडळी-मंडळीत. तारेला पानी टांगून दाखवतात. लई भारी. तवापासून माझी पट्टी एकदाबी न्हाई निघाली बघा." ती हसली. "तुमचं थुंकीचं काम टिकलं शेवटी."

ती गेल्यावर मी खोक्यावर बसले. वर्षभराचा हिशोब डोक्यात उलटा मांडून बघितला. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ गिटारी मास्तरांच्या ताणानं मोडलेल्या असायच्या. तो ताण गेला. कुणी बहिष्कार घातलाच नव्हता. गिटारी मोडतच नव्हत्या. हे मला चार महिने आधी सुचायला हवं होतं. आकडे समोर होते, मी मात्र माणसावर राग धरून बसले होते.

सामान टेम्पोत चढवून मी मास्तरांच्या घरी गेले. ते ओट्यावर होते, मांडीवर माझी फळी. कप्पी हातानं फिरवून बघत होते.

"दुकान बंद केलं म्हनं."

"हो."

"व्हनारच. मोडतच न्हाईत आता." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खरा होता. "अकरा मंडळ्या झाल्या. उद्या टाकळीला जायचंय."

"मास्तर, एकदा तरी माझं नाव सांगायचं होतं."

त्यांनी कप्पीवरचा हात काढला. "त्या दिवशी मी आपल्या हातानं पट्टी दाबली. तू सांगितलं तशी. चार माणसांत माझं काय शिल्लक ठेवलंस? घरी येऊन परत एकदा सांगितलं असतंस..."

"सांगितलं होतं. तुम्ही कपडे वाळत घातले."

त्यांना हसू आलं नाही. मलाही नाही. त्यांनी फळी माझ्याकडे सरकवली. "कप्पी घासतीय. आलीच हायेस तर बघतीस का जरा?"

कप्पीचा आस वाकला होता. बादली काठोकाठ भरत असणार. पिशवीत माझी पक्कड होती, तेलाची बाटली होती. दोन मिनिटांचं काम.

"दुरुस्ती बंद आहे, मास्तर," मी म्हणाले आणि उतरले.

टेम्पो सोनईच्या रस्त्याला लागला. मागे अडकवलेली पाटी खोक्यावर आपटत होती. घासणाऱ्या कप्पीवर वजनातला काही भाग वाया जातो आणि त्याच सुराला बादलीत जास्त पाणी लागतं. म्हणजे उद्या टाकळीत मास्तरांचा आकडा चुकणार होता. माझ्यापेक्षा मोठा येणार होता. लोकांना तो अजूनच पटणार होता.