पालथी बायको

"अपोलोनिया, अगं बायकोच पालथी घातलीस की तू!"

छापखान्याचा मालक योर्ग हसून हसून खोकायला लागला. त्याच्या हातातला ओला कागद तिनं ओढून घेतला आणि वाचला. 'फ्राउ', म्हणजे बायको. त्यातला शेवटचा 'उ' उलटा बसला होता, आणि त्या लिपीत उलटा 'उ' म्हणजे 'न'. अक्षरांचे खिळे जुळवताना मांडीवरची लेक रडली, तिला छातीशी धरलं, तेवढ्यात हात चुकला.

तीसच्या तीस कागद छापून झाले होते. लग्न केलेल्या पाद्र्यांच्या बायका यापुढे कायदेशीर धराव्यात, असा नगरसभेचा हुकूम. रविवारी चर्चच्या दारांवर लागायचा. तिच्या नवऱ्यानं, वेंडेलीननं, पाद्री असूनही तिच्याशी लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली. गाव अजून तिला 'ठेवलेली' म्हणत होतं. लेकीला काय म्हणायचं, ते ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

नगरसभेचा लेखनिक आला, त्यानं कपाळाला हात लावला. "मोहोर लावलेल्या मसुद्यात नि छापात अक्षराचा फरक चालायचा नाही. बिशपला हा हुकूम नकोय, त्याचे वकील टपून बसलेत. नव्यानं छापा."

"कागद संपला," योर्ग म्हणाला. "नवा यायला महिना."

"मग हुकूमही महिन्यानं."

"साहेब, मी हातानं सरळ करते," अपोलोनिया म्हणाली.

"बाई, कायदा आहे हा. मोजा नाही, उसवून विणायला."

"मोजाच आहे की. एकच टाका सुटलाय."

लेखनिकाला हसू आवरेना. "बरं, करा."

लेक योर्गच्या खांद्यावर गेली. अपोलोनियानं पात्याच्या टोकानं प्रत्येक 'न' अलगद खरवडला, एकच खिळा शाईत बुडवून त्या जागी दाबला. तीस वेळा. लेखनिकानं एकेक कागद मसुद्याशी ताडून पाहिला आणि मान डोलावली.

रविवारी चर्चच्या दाराशी मासेवाली बार्बेल तिला खेटून उभी राहिली. बार्बेलला वाचता येत नव्हतं. जीभ मात्र तिखट.

"यात तुझा शब्द कुठला गं?"

अपोलोनियानं बोट ठेवलं.

बार्बेलनं डोळे बारीक केले. "इथं काळं जास्त दिसतंय."

"हो. शाई जरा जास्त झाली."

"असू दे. लांबनं दिसेल," बार्बेल म्हणाली, आणि माशांची पाटी सरकवून तिनं अपोलोनियाला लेकीला घेऊन पुढं यायला वाट करून दिली.