प्रेमलाचा पाटा आणि रामनाथचा कान

रामनाथ चुरीनं पाटा स्वयंपाकघरातून उचलून दिवाणखान्यात नेला, त्याच दिवशी प्रेमलानं दारात आडवं उभं राहायला हवं होतं. पण तिला वाटलं, असेल चार दिवसांचं खूळ. नवऱ्याची खुळं ओळखता ओळखता बाईचे केस पिकतात, तरी अंदाज चुकायचा तो चुकतोच. काय करणार!

तारापूरच्या कारखान्यातून रामनाथ निवृत्त झाला आणि बोईसरच्या त्यांच्या बैठ्या घरात एक जुना रेकॉर्ड प्लेअर आला. तिथवर सगळं ठीक होतं. माणसानं गाणी ऐकावीत, चहा प्यावा, दुपारी आडवं व्हावं. पण गाणं राहिलं बाजूला आणि हा बसला प्लेअर कशावर ठेवायचा याच्यामागे. "प्रेमला, आवाज यंत्रातून येत नाही, यंत्राच्या बुडाखालून येतो," असं तो डोळे मिटून सांगायचा. समोरच्या रस्त्यानं एमआयडीसीत जाणारा ट्रेलर धडधडला की त्याची सुई थरथरायची. प्रेमला चालली तरी थरथरायची. म्हणून रेकॉर्ड चालू असताना घरात चालायला बंदी! स्वयंपाकघरातून देवघरात जायचं तर चोरासारखं, चवड्यांवर. प्रेमला काही किरकोळ बाई नव्हे. चवड्यांवर चालून चालून तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे.

आधी एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी रॅक बनवून आणला, खाली टोकदार खिळे असलेला. त्यानं लाद्यांना टोचे पाडले आणि आवाज, रामनाथच्या मते, टोचायला लागला. मग सागाची फळी आली. तिच्यावर आवाज झोपला म्हणे. मग सायकलची ट्यूब हवा भरून खाली घातली, ती भर ठुमरीत फुस्स झाली आणि प्लेअर एका अंगावर कलंडला. तांदळाचं पोतंसुद्धा झालं. त्यात किडे पडले ते प्रेमलानं निवडले, रामनाथनं नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी कोण, तर पालघरचा सुजीत सावे. मोठा ठेकेदार, मनानं चांगला, पण त्याच्या घरी काचेचा आणि स्टीलचा परदेशी रॅक होता. त्याच्याकडे गाणी ऐकून आला की रामनाथ दोन दिवस जेवताना बोलायचा नाही. एकदा असाच पडेल चेहऱ्यानं परत आला, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि त्याची नजर पाट्यावर पडली.

हा पाटा प्रेमलाच्या माहेरचा, केळव्याचा. लग्नात आईनं स्वतःचा पाटा दिला होता, नवा नाही. "नवा पाटा हाताला ओळखत नाही," असं म्हणाली होती. मधोमध एक खळगा पडला होता, आईच्या आणि मग प्रेमलाच्या हातानं. त्यावर नारळ आणि मिरची वाटताना प्रेमलाचा हात आपोआप त्या खळग्यात शिरायचा. आई गेल्यावर तर रोज सकाळी तेवढा वेळ ती आईपाशीच असायची.

"दगडासारखा दगड!" रामनाथ म्हणाला. "अगं, हाच पाहिजे होता." पाटा धुऊन, पुसून, जुन्या लोकरी शालीत गुंडाळून त्यानं लाकडी चौरंगावर ठेवला आणि वर प्लेअर. दुसऱ्या दिवशी प्रेमलाला मिक्सर आणून दिला, वर "तुझे कष्ट वाचले" हेही ऐकवलं.

त्या दुपारी पहिला घास घेऊन रामनाथनं ताट सरकवलं. "कालवणाला चव नाही."

"मिक्सरचं आहे," प्रेमला म्हणाली.

"तेच म्हणतो मी. मसाला जळतो त्यात. पाट्याची चव ती पाट्याची चव."

प्रेमलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटा नेला यानं, मिक्सर आणला यानं, आणि वर नाकं मुरडायची यानंच! दसरा झाला आणि रामनाथ पालघरला सुजीतकडे गेला. तेवढ्यात नवापूरची जयवंती मासळी घेऊन आली. प्रेमलानं तिला सगळं सांगितलं. जयवंती हसून हसून खालीच बसली.

"बाय, पाट्यावर गानं ठेवलाय? मंग वरवंट्यावर काय ठेवलाय, तबला?"

मागच्या दारी कडप्प्याची एक लादी पडलेली होती. न्हाणीघर नवं केलं तेव्हा उखडलेली. जयवंती तिच्यावर मासळी साफ करायची. माप जवळपास पाट्याएवढंच. दोघींनी ती राखेनं घासली, उन्हात वाळवली. झोपलेलं पोर उचलावं तसा प्लेअर अलगद उचलला, पाटा काढला, शालीत लादी गुंडाळली आणि प्लेअर होता तसा ठेवला. पाटा गेला कोठीत, पिंपाच्या मागे. रामनाथ बागेत किंवा बाजारात असला की बाहेर यायचा, वाटण झालं की परत आत.

आता ऐका गंमत. त्या संध्याकाळी रामनाथनं रेकॉर्ड लावली, एक बोट वर करून बसून राहिला आणि म्हणाला, "अहाहा! दगड मुरला बरं का प्रेमला. आता खरा बोलायला लागला." प्रेमलानं पदर तोंडात कोंबला. आणि दुपारी पाट्यावर वाटलेलं कालवण खाताना? "चव नाही. मिक्सरचं ते मिक्सरचंच." हे रोजचं झालं. पाट्यावरचं कालवण मिक्सरचं म्हणून नावडायचं, लादीवरचं गाणं पाट्यावरचं म्हणून आवडायचं. पहिल्यांदा प्रेमलाला राग आला, मग मजा वाटायला लागली.

त्यात शेजारचा बोका यायला लागला. रेकॉर्ड लागो न लागो, तो चौरंगापाशी येऊन, शालीला नाक लावून, डोळे मिटून बसायचा. राखेनं घासली तरी मासळीची लादी ती, माणसाला नाही कळली तरी मांजराला कळणारच. पण रामनाथचे डोळे भरून आले. "मुक्या जिवाला कळतंय बघ. कान लागतो कान!"

दिवाळीनंतर मात्र मजा संपली. एका सकाळी रामनाथ फोन ठेवून आला तो उड्या मारतच. "रविवारी सुजीत येतोय. त्याच्या मित्राला, निमेशलाही आणतोय. मी सांगितलंय, तुमचा परदेशी रॅक माझ्या बायकोच्या पाट्यापुढे पाणी भरेल. ते शाल काढून पाटा बघणार आहेत. फोटो काढणार आहेत."

प्रेमलाची नजर शालीवर गेली. शाल काढली की निघणार मासळीची लादी. पालघरभर बोभाटा होईल. नवरा कसाही असला तरी त्याचं चारचौघांत हसं व्हावं असं तिला वाटेना. तिनं दोन दिवस विचार केला. रविवारी सकाळी रामनाथ पापलेट आणायला नवापूरला गेला, तेव्हा तिनं जयवंतीला बोलावून पाटा परत शालीत बांधला. लादी मागच्या दारी गेली. आणि कालवण? ते नाइलाजानं मिक्सरवर.

"बाय, तू चांगली हाय म्हनून तुजा असा होतो," जयवंती जाता जाता म्हणाली.

सुजीत आणि निमेश आले. निमेशचं पालघरला औषधांचं दुकान, बोलणं कमी, मान डोलावणं जास्त. रामनाथनं हात जोडून दोघांना बसवलं, सुई टेकवली, बोट वर केलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थांबा. आज काहीतरी बिघडलंय. आवाज बसलाय."

"छे हो भाऊ, मस्त आहे," सुजीत म्हणाला. निमेशनं मान डोलावली.

"नाही नाही. बोकासुद्धा आला नाही आज." रामनाथ प्लेअरभोवती वाकून वाकून फिरला. प्रेमला दारामागे उभी राहून मनात म्हणाली, घ्या! खरा पाटा आणून दिला तर हा आवाज बसला म्हणतोय.

पानं वाढली. रामनाथनं कालवणात भात कालवला, घास घेतला आणि थबकला. मग त्याचा चेहरा असा उजळला की बास.

"आज जमलं! प्रेमला, आज खरी पाट्याची चव आली. सुजीत, बघा, मिक्सरची सवय लागायला वेळ लागतो. आता हिचा हात बसला."

प्रेमलाच्या हातातली पळी तशीच राहिली. तिला हसावं की रडावं कळेना.

हात धुऊन सगळे चौरंगापाशी आले. सुजीतनं प्लेअर बाजूला घेतला, शाल सोडली आणि पाट्यावरून हात फिरवला. "काय खळगा आहे! इथेच सगळी थरथर जिरत असणार. भाऊ, एक बोलू? माझा रॅक तुम्ही न्या. हा पाटा मला द्या."

परदेशी रॅक! रामनाथचे डोळे लकाकले. कित्येक दिवस ज्याच्यासाठी तो झुरला तो रॅक आपल्या पायांनी घरी येत होता.

"न्या की! आम्हाला आता काय करायचाय? मिक्सर आहेच. कालवण तर खाल्लंत तुम्ही. हिला पाटा लागतच नाही आता."

सुजीतनं पाटा उचलला. प्रेमलाला दिसलं, आईचा खळगा परक्या माणसाच्या पोटाशी धरलेला, दाराकडे निघालेला. नवऱ्याची लाज राखायला तिनंच तो तिथे आणून ठेवला होता, आणि तिच्याच मिक्सरच्या कालवणानं त्याला घराबाहेरची वाट दाखवली होती.

"खाली ठेवा," ती म्हणाली.

आवाज असा लागला की सुजीतनं पाटा तिथल्या तिथे जमिनीवर ठेवला.

"तो माझ्या आईचा आहे. कुणाला द्यायचा नाही. आणि थरथर-बिरथर त्यात काही जिरत नाही. दसऱ्यापासून हे जे ऐकून डोलतायत ना, ते या पाट्यावर नव्हतंच. शालीत कडप्प्याची लादी होती. जयवंती मासळी साफ करते ती. तुम्ही पाटा बघणार म्हणून मी आज सकाळी बदलला."

रामनाथचा चेहरा एवढासा झाला. प्रेमलाला वाटलं, चारचौघांत शोभा केली आपण नवऱ्याची. पण पाटा जमिनीवर होता, घरात होता, तेवढं तिनं पाहून घेतलं.

आणि मग रामनाथचं बोट हळूहळू वर आलं.

"थांबा. तुम्ही आल्या आल्या मी काय म्हणालो होतो? सुई टेकवल्याबरोबर?"

सुजीत त्याच्याकडे बघत राहिला. "आवाज बसलाय म्हणालात."

"आणि तुम्ही काय म्हणालात? मस्त आहे! बदललेला दगड कुणी ओळखला? या कानानं! शालीच्या आतला ओळखला!"

"बापरे," निमेश म्हणाला. हा त्याचा दिवसातला पहिला शब्द.

प्रेमलानं कपाळावर हात मारला. दसऱ्यापासूनची फजिती एका क्षणात याची करामत झाली होती. आता तर लादी आणल्याशिवाय सुटका नव्हती. निमेश मागच्या दारी जाऊन ती घेऊन आला, खवल्यांसकट. तिच्यावर प्लेअर ठेवला, सुई टेकवली, तिघांनी डोळे मिटले. लादीच्या मागोमाग बोकाही आत आला आणि चौरंगापाशी डोळे मिटून बसला.

"आला!" रामनाथ कुजबुजला.

"अंगावर काटा आला, भाऊ," सुजीत म्हणाला. "मांजर काय खोटं बोलणार!"

"अहो, मासळीची लादी आहे ती," प्रेमला म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. जाताना सुजीतनं मागच्या दारची दुसरी लादी मागून घेतली, जिच्यावर जयवंती पाय धुते ती. प्रेमला ती घासायला गेली तर तो घाईघाईनं म्हणाला, "धुऊ नका वहिनी, शेवाळासकटच द्या." ती गाडीत नवरीसारखी मागच्या सीटवर बसून पालघरला गेली.

पाहुणे गेल्यावर घर शांत झालं. प्रेमला भांडी आवरत होती. रामनाथ पाटा दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरात आला आणि त्याच्या जुन्या जागी, खिडकीखाली, नीट ठेवला. मग तिथेच जमिनीवर बसला.

"दसऱ्यापासून वाटण याच्यावरच?"

"याच्यावरच."

"मी रोज नावं ठेवायचो ते?"

"तेच."

"आणि आज?"

"आज मिक्सर."

रामनाथनं खळग्यात तळवा ठेवला. त्याचा पंजा मोठा, तिथे बसेना.

"आईंचा आहे हे माहीत होतं मला," तो म्हणाला. "तरी तुला विचारलं नाही. चुकलं माझं."

प्रेमलाचे डोळे भरले. तिनं उगाच एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात रेकॉर्ड चालू होती. प्रेमला टाचा दणदण आपटत देवघरात गेली आणि तशीच परत आली. सुई उडाली. रामनाथनं तोंड उघडलं, मग मिटलं आणि निमूट जेवायला येऊन बसला. प्रेमलानं बोंबलाचं कालवण वाढलं. त्यानं घास घेतला, सवयीनं डोळे मिटले, बोटसुद्धा वर गेलं.

"कसं झालंय?" प्रेमलानं विचारलं.

बोट हळूच खाली आलं. रामनाथनं एक डोळा उघडून खिडकीखालच्या पाट्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या मिक्सरकडे, मग बायकोच्या तोंडाकडे. दोन्ही स्वच्छ धुऊन ठेवलेले, आणि तिसरं काही कळू देईना.

"आधी सांग," तो म्हणाला, "कशावर वाटलंस?"