काळं नको, वार्निश लावा

मासळी निवडण्यात गोदाचा हात धरणारं कुणी नाही. बाकी सगळ्या निवडीत आपण ठार गाढव, हे तीच मिरकरवाड्याच्या बाजारात पाटीमागे बसून सांगते.

लेक सानवी पाच वर्षांची. तिचे पुढचे दोन दुधाचे दात किडले. किडणारच. पहाटे लिलावाला जाताना पोर उठू नये म्हणून साखरेच्या दुधाची बाटली तिच्या तोंडात कोंबून निघणारी आई कोण, तर गोदाच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन औषधं समजावली, दोन्हीत फ्लोराइड. एक वार्निश. ते दर काही महिन्यांनी फासलं की चांगले दात सहसा किडत नाहीत. दुसरं चांदीचं. ते किडलेल्या जागी टेकवलं की कीड बहुतेक तिथंच थांबते, मशीन लावावं लागत नाही. पण ती जागा काळी पडते, दात पडेपर्यंत काळीच. सानवीच्या त्या दोन दातांना चांदीचं आणि बाकीच्यांना वार्निश, असं त्यांचं म्हणणं.

गोदाने घासाघीस सुरू केली. सवयच ती. शाळेत नाच आहे, पोरगी हसली तर लोक काय म्हणतील, त्यापेक्षा वार्निशच दोनदा लावा. हे भाषण ज्या तोंडाने केलं त्यातले दात वीस वर्षं मशेरी घासून तव्याच्या बुडासारखे झालेले. बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मग नुसतं वार्निश लावलं आणि दुखलं तर लगेच आणा म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात गोदा एकदा बाजारातून लवकर परतली, तर सानवी चुलीपाशी बसलेली, मशेरीचा डबा उघडा आणि बोट तोंडात. गोदाने हात उगारला.

"गार पाणी प्यायलं की ठणकतंय गो," सानवी म्हणाली. "तुझं दुखलं की तू हेच लावतेस ना?"

कधीपासून, तर नाचाच्या आधीपासून. सांगितलं का नाहीस, तर तुला काळे दात नको होते. गोदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचं तोंड धुताना तिने स्वतःला ठेवणीतल्या सगळ्या शिव्या घातल्या आणि रडली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. कीड वाढली होती, पण नसेपर्यंत पोचली नव्हती. अजून थांबवून बघता येईल, पण काळं होईल, चालेल ना, असं त्यांनी पुन्हा विचारलं.

"लावा बाई," गोदा म्हणाली. "मिरवायचं मला होतं, दुखत तिला होतं."

सानवीने आपणहून आ केला.