गायरानाचा ठराव

श्रावणी सोमवारी मी दुपारी बारापर्यंत मौन पाळते. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे. ग्रामसभा त्या सोमवारी दुपारी तीनला होती, म्हणून तर मी अकबरबीला शब्द दिला.

तिची लेक नसरीन बाळंतपणाला जालन्याच्या दवाखान्यात होती. तिकडं निघताना अकबरबी माझ्या दारात थांबली. "गिरिजाबाई, समदं गायरान सोलरला देऊन राह्यले म्हणं. मंग माझ्या बारा शेळ्या कुठं चरतील? वढ्याकडची एक पट्टी सोडा, येवढंच सभेत बोला. तुम्ही बचतगटाच्या अध्यक्ष, तुमचं ऐकतेत."

"बोलते. तू बिनघोर जा."

पण सभा ऐनवेळी सकाळी दहाला घेतली. सोलरचं काम बघणाऱ्या सरकारी साहेबांना पुढं दुसऱ्या गावाला जायचं होतं. ते शांतपणे समजावत होते, की देशानं हवेतला धूर कमी करायचं ठरवलंय, कोळशावरची वीज घटवायचीय, आणि इथल्या सोलरवर आपल्या शेतीला दिवसा वीज मिळेल. मला ते मनापासून पटत होतं.

"कुणाचं काही म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

सरपंच सर्जेराव माझ्याकडं बघून हसले. "काकूंचं मौन हाय. आज सभा जल्दी उरकणार बघा."

सगळे हसले. माझ्या पिशवीत गटाचं रजिस्टर होतं, पेन होता. चिठ्ठी लिहिता आली असती. पण लिहून बोलणं म्हणजेही मौन मोडणंच, असं मी मानत आले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी खाली मान घालून जप करत राहिले. ठराव मंजूर झाला.

बाराला मौन सोडून धावत पंचायतीत गेले, तर साहेबांची गाडी गेलेली.

"पट्टी?" सर्जेराव हळहळले. "काकू, जागा जरा जास्तच हाय, असं साहेब सोता म्हणत होते. एका शब्दाचं काम होतं. आता नकाशा वर गेला."

चार दिवसांनी अकबरबी परतली. मी सगळं सांगितलं. 

"रोजे मीबी धरते, बाई," ती म्हणाली. "पण रोज्यात कुणी हाक मारली तर ओ देते."

"आमच्या बांधावर चारत जा ना शेळ्या."

"एका बांधावर बारा? दोन दिवसांत बांधबी खातील," असं म्हणून ती हसली, पण माझ्याकडं न बघता.

दिवाळीनंतर गायरानाला तारेचं कुंपण पडलं. शेळ्या विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो अकबरबीच्या दारात आला तेव्हा मी गेले. अकरा शेळ्या चढल्या, शेवटची अडून बसली.

"धरा जरा मागून," अकबरबी म्हणाली.

मी दोन्ही हातांनी शेळीला वर ढकललं. पोटातलं करडू माझ्या तळव्याला हललेलं लागलं. अकबरबीनं फळी लावली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "ही गाभण हाय. हिला कोपऱ्यात दाबू नका."